तीनदा टकटक

त्या घरात न्हाणीघर एकच होतं, संडासही त्यातच, आणि त्याचा कायदाही एकच. दारावर तीनदा टकटक झाली की आत जो कोणी असेल त्याने मुकाट्याने बाहेर यायचं. अंगाला साबण असो, तोंडात ब्रश असो, नाहीतर केसांना रंग लावून अर्धा तास व्हायचा असो. टॉवेल गुंडाळायचा आणि निघायचं. "दोन मिनिटं" म्हणायचं नाही. एकदा किंवा दोनदा टकटक झाली तर ती कुणाचीही असू शकते, तिला "थांब गं" म्हणायची मुभा होती. तीनदा फक्त धाकटीची.

आईने हा कायदा केला त्याला एकोणतीस वर्षं झाली. तेव्हा धाकटी बारा वर्षांची होती आणि थोरली चौदाची. कायदा चुकीचा होता असं थोरलीही म्हणत नसे. पण केसांत फेस घेऊन, गार फरशीवर कुडकुडत उभं राहण्याचा मान जिला वर्षानुवर्षं मिळाला तिच्या मनात काय येत असेल, हे विचारायचं कायदा करणाऱ्यांना काही सुचलं नाही.

धाकटीला अल्सरेटिव्ह कोलायटिस होता. मोठ्या आतड्याला आतून सूज येते, व्रण होतात, रक्त पडतं, पोटात कळा येतात आणि दिवसातून दहादा-पंधरादा धावत सुटावं लागतं. हा आजार मुळासकट जात नाही. कधी वर्षानुवर्षं निजून राहतो, कधी अचानक उठून बसतो. "याला सांभाळावं लागतं," असं डॉक्टर म्हणाले, ते आईने ऐकलं, आणि त्या दिवसापासून तिने दुसरं काही सांभाळलंच नाही, असं थोरलीचं मत होतं. मत अन्यायाचं होतं. पण मत्सराला न्यायाशी काय घेणंदेणं?

रोज सकाळी चहाच्या टेबलावर आई हिरव्या पुठ्ठ्याची वही उघडायची. बाकीच्या घरांत लोक सकाळी हवापाण्याचं बोलतात. इथे बोलणं वेगळं होतं.

"किती वेळा?"

"तीन."

"रक्त?"

"नाही."

"कळ? झोप? गोळ्या?"

धाकटी पाढे म्हटल्यासारखी उत्तरं द्यायची आणि आई ती रकान्यांत भरायची. थोरली समोर बसून टोस्ट खात ऐकायची. वही मिटली की सकाळ संपली. लहानपणी एकदा थोरलीने विचारलं होतं, "आणि माझं?" आई हसली. म्हणाली, "तुला काय झालंय? तू धडधाकट आहेस." हे तिने बक्षीस दिल्यासारखं सांगितलं. थोरलीला ते दार लावून घेतल्यासारखं वाटलं.

त्यानंतर महिनाभराने थोरलीने तो उद्योग केला. शाळेच्या डब्यात मैत्रिणीने आणलेलं उकडलेलं बीट तिने भरपेट खाल्लं, अगदी मैत्रिणीचा डबा रिकामा होईपर्यंत. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने न्हाणीघरातून आईला हाक मारली आणि लाल झालेल्या पाण्याकडे बोट दाखवलं. आईचा चेहरा पांढराफटक पडला. तशीच तिला ओढत दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, जीभ पाहिली आणि विचारलं, "काल काय खाल्लंस?" थोरलीला खोटं बोलायचं कुठून सुरू करावं ते माहीत होतं, कुठपर्यंत न्यावं ते माहीत नव्हतं. "बीट," ती म्हणाली.

डॉक्टर हसले, परिचारिका हसली, घरी वडील हसले आणि धाकटी तर पोट धरून हसली. त्या दिवसापासून थोरलीचं नाव पडलं बीटाबाई. पुढे कधीही तिने डोकं दुखतंय म्हटलं की धाकटी विचारायची, "काय बीटाबाई, काल काय खाल्लं?" चेष्टाच होती, कुणाच्या मनात विष नव्हतं. पण हळूहळू थोरलीने दुखलं-खुपलं सांगायचं सोडून दिलं.

वडील गेले तेव्हा ती वीस वर्षांची होती. त्यांचं तसबिरींना चौकटी करायचं दुकान तिने हातात घेतलं. काम तिला मनापासून आवडायचं. गुण्या लावून पट्टीचा कोपरा असा कापायची की जोड नखालासुद्धा लागत नसे. काच कापायची हिरकणी ओढताना ती श्वास रोखायची. एका दमात ओढलेली रेघच सरळ तुटते. गावातल्या निम्म्या लग्नांचे आणि जवळजवळ सगळ्या मेलेल्यांचे फोटो तिच्या हातून गेले होते. पण दुकानात आलेलं माणूस पिशवीतून फोटो काढायच्या आधी विचारायचं, "बहीण कशी आहे?" थोरली म्हणायची, "मजेत." एकदा काच लागून तळहाताला पाच टाके पडले. पट्टी बांधून ती घरी आली तर आई म्हणाली, "अगं, जपून," आणि धाकटीचा बटाटा कुस्करायला वळली. तो बटाटा थोरली आजही विसरलेली नाही.

बरं, धाकटीने आजाराचं भांडवल केलं असतं तर तिचा राग तरी करता आला असता. तेही नाही. पंचविसाव्या वर्षी एकदा तिला वाटलं आपण बऱ्या झालो, आणि तिने कुणाला न सांगता गोळ्या बंद केल्या. तीन महिन्यांनी आजार असा उठला की तीन आठवडे इस्पितळात काढावे लागले. तेव्हापासून बरं असो, नसो, रोज चार गोळ्या. शाळेच्या ग्रंथालयात नोकरी, वेळेवर जेवण, वेळेवर झोप. गेली सात वर्षं आजार निजलेला होता. तरी वर्षातून एकदा आतड्याची दुर्बिणीतून तपासणी व्हायचीच, कारण इतक्या वर्षांच्या दुखण्यातून कधी कर्करोग डोकं काढेल याचा नेम नसतो. त्या दिवशी आई आणि धाकटी गाडी करून जायच्या आणि परत येताना केक खाऊन यायच्या. थोरली दुकान सांभाळायची. निजलेल्या आजाराचाही एवढा थाट, आणि जागेपणी राबणाऱ्या माणसाला कुणी विचारत नाही, असं तिच्या मनात यायचं. असं मनात येतं म्हणून ती स्वतःला वाईट समजायची, आणि पुन्हा तेच मनात यायचं.

मग एका सकाळी तिला स्वतःला रक्त दिसलं.

पहिली गोष्ट तिने काय केली असेल? आदल्या दिवशीचं जेवण आठवलं. भात, दुधी, एक केळं. बीट नव्हतं. तिने पुन्हा आठवून पाहिलं. बीट नव्हतंच.

आठवडाभर ती मूळव्याध आहे असं धरून चालली. पण मग कळा यायला लागल्या, वेळा वाढायला लागल्या, आणि पोट रिकामं झालं तरी पुन्हा बसावंसं वाटायला लागलं. एकोणतीस वर्षं रोज सकाळी तिने दुसरं ऐकलं काय होतं? वहीतला प्रत्येक रकाना तिला तोंडपाठ होता. त्यात आता तिचे आकडे बसत होते.

दुकानात तर नाकी नऊ आले. निवृत्त मुख्याध्यापकांचा शाळेचा मोठा समूहफोटो आला होता. ते समोर स्टुलावर बसलेले, आणि काचेवर हिरकणी अर्ध्यात असताना तिला कळ आली. रेघ तशीच टाकून ती शेजारच्या न्हाव्याच्या दुकानातल्या संडासाकडे धावली. परत येऊन उरलेली रेघ ओढली. काच वाकडी तुटली.

"तुमचा हात कधी चुकत नाही," मुख्याध्यापक म्हणाले.

"काच जुनी होती," थोरली म्हणाली. त्या आठवड्यातली ती तिसरी काच होती.

मग सांगितलं का नाही? शहाण्या माणसाने लगेच सांगितलं असतं. पण या घरात बीटाबाई एकच होती. "मलाही तेच झालंय," असं टेबलावर म्हटल्यावर पहिला प्रश्न कुठला येईल हे तिला ठाऊक होतं. आणि खरं सांगायचं तर दुसरंही एक होतं. धाकट्या बहिणीला थोरलीचे वापरलेले कपडे मिळतात, हा जगाचा रिवाज. इथे थोरलीच्या वाट्याला धाकटीचा वापरलेला आजार आला. तोही धाकटीने इतका नीट वापरलेला, इतकी वर्षं, इतक्या कौतुकात. आता तिने कितीही कण्हलं तरी ती नक्कलच ठरणार होती. आजारातसुद्धा दुसरा नंबर तिला नको होता.

म्हणून तिने चोरी केली. धाकटीच्या गोळ्या कपाटाच्या वरच्या कप्प्यात असायच्या. आई त्यातून दर पंधरवड्याच्या मोजून डबीत भरायची. थोरलीने रोज दोन घ्यायला सुरुवात केली, एक सकाळी, एक संध्याकाळी. चारपाच दिवस जरा बरं वाटलं, किंवा वाटल्यासारखं झालं. मग दुखणं होतं तिथेच आलं. पण गोळी गिळताना तिला एक गंमत वाटायची, ती सांगायलाच हवी. धाकटीचं काहीतरी पहिल्यांदाच तिच्या तोंडात पडत होतं.

महिना संपायच्या दहा दिवस आधी गोळ्या संपल्या.

"आई, अशा कशा संपल्या? मोजून भरतेस ना?" धाकटी म्हणाली.

"मोजते की."

"मग?"

आईने नवीन गोळ्या आणवल्या, समोर बसून मोजल्या. दोन आठवड्यांनी पुन्हा कमी. यावेळी धाकटीचा आवाज चढला. "आई, माझा खेळ नाहीये हा. एकदा गोळ्या चुकल्या तर काय झालं होतं विसरलीस?"

आईने डबी उलटी करून गोळ्या पुन्हा मोजल्या. आणि टोस्टला लोणी लावणाऱ्या थोरलीला, लाज वाटायच्या आधी, बरं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा धाकटी आईला बोलली होती आणि आईकडे धाकटीसाठी उत्तर नव्हतं. हे सुख तिने लोण्यासारखं नीट पसरून घेतलं. लाज मागून आली.

दुसऱ्या दिवशीपासून स्वयंपाकघरात चिठ्ठ्या दिसायला लागल्या. फ्रीजच्या दारावर, आईच्या अक्षरात. "गॅस बंद केला." "किल्ली डाव्या खणात." "गोळ्या मोजल्या, छप्पन्न." चौऱ्याहत्तर वर्षांची आई त्यांच्यासमोर उभी राहून स्वतःचीच अक्षरं वाचायची. एका सकाळी तिने हिरवी वही धाकटीकडे सरकवली. "तूच लिही आता. माझं डोकं गळायला लागलंय."

थोरलीने तेव्हा बोलायला हवं होतं. ती उठली आणि दुकानात गेली.

त्याच आठवड्यात धाकटीची वार्षिक तपासणी होती. आदल्या दिवशी आतडी साफ करायचं औषध प्यावं लागतं, चांगला मोठा जग भरून. ते प्यायलं की माणूस दिवसभर न्हाणीघराच्या बाहेर पडत नाही. त्या दिवशी थोरलीने सकाळी लवकर आटोपून बाहेर जायचं, ही पद्धतच होती. थोरली दुकानात गेली खरी, पण अकरा वाजता तिच्या अंगात ताप होता आणि पाय चालत नव्हते. न्हाव्याने तिचं दुकान बंद केलं आणि तिला घरापर्यंत आणून सोडलं. जिना चढताना तिला कळ आली. अशी कळ तिला आजवर आली नव्हती.

न्हाणीघराचं दार बंद होतं. तिने टकटक केली. एक, दोन, तीन.

आत पाण्याचा आवाज थांबला. या घरात धाकटीशिवाय तीनदा टकटक कुणी करत नसे, आणि धाकटी आत होती.

"कोण आहे?"

"मी."

"ताई, अगं, मी औषध प्यायलेय. आज मला उठता येणार नाही."

थोरलीने पुन्हा केली. एक, दोन, तीन.

दार उघडलं. धाकटी टॉवेल गुंडाळून उभी होती, कपाळावर आठी, तोंडात काहीतरी बोलायचं तयार. तिने थोरलीचा चेहरा पाहिला, पोटावर दाबलेले दोन्ही हात पाहिले आणि बाजूला झाली.

थोरलीच्या अंगात नंतर पाणी ओतायचंही त्राण उरलं नाही. धाकटी आत आली आणि तिने खाली पाहिलं. ज्याच्याकडे इतर लोक पाठ फिरवतात ते नीट बघायची तिला एकोणतीस वर्षांची सवय होती.

"किती दिवस?"

"दहा आठवडे होतील."

"आज किती वेळा?"

"नऊ."

"झोपेतून उठावं लागतं?"

"तीनदा."

धाकटीने पाणी ओतलं. मग म्हणाली, "गोळ्या तू घेत होतीस."

"दिवसाला दोन."

"दोन? दुखणं उठलं होतं तेव्हा मी आठ घेत होते, शिवाय वर दुसरी औषधं. दोनने काय होतंय? चोरायच्याच होत्या तर नीट तरी चोरायच्या." आणि मग तिचा चेहरा बदलला. "हो बाजूला. माझं औषध लागलंय."

ती दुपार अशीच गेली. एक आत, एक बाहेर, आणि बाहेरची तीनदा टकटक करतेय. औषधाचा जग हातात धरून आई पॅसेजमध्ये उभी होती. तिला सगळं कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा ती थोरलीच्या समोर येऊन जमिनीवर बसली आणि तिच्या तोंडून तो प्रश्न निघून गेला.

"काल काय खाल्लंस?"

"बीट नाही, आई."

आईने तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला. मग म्हणाली, "म्हणजे गोळ्या मी हरवत नव्हते?"

"नाही."

आई उठली, स्वयंपाकघरात गेली आणि फ्रीजवरच्या चिठ्ठ्या एकेक करून काढायला लागली. आधी तिला स्वतःचं डोकं शाबूत असल्याचा आनंद झाला, हे थोरलीने बसल्या जागेवरून पाहिलं आणि तिला तेवढ्यातही टोचलं.

दुसऱ्या दिवशी तिघीही इस्पितळात गेल्या. धाकटीचं आतडं शांत होतं. थोरलीला डॉक्टरीणबाईंनी घरी जाऊच दिलं नाही. रक्त तपासलं, जंतूंची तपासणी केली, दुर्बिणीने शेवटचा भाग पाहिला. नाव तेच निघालं. "अर्धवट औषध घेऊन तुम्ही झाकत बसलात आणि आत वाढत गेलं," त्या म्हणाल्या. "सख्ख्या बहिणीला हा होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. कुणी सांगितलं नव्हतं?"

"मला सांगितलं होतं," आई म्हणाली.

संध्याकाळी आई घरून पहिली वही घेऊन आली, पुठ्ठ्याचा रंग उडालेली. तिसऱ्या पानावर, धाकटीच्या आकड्यांच्या खाली, एक ओळ होती. "थोरलीकडेही लक्ष ठेवणे." महिनाभरानंतरच्या पानावर दुसरी. "बीट होतं. सुटले."

"तू धडधाकट आहेस असं तुला म्हणायचे ना, तेव्हा जीव मुठीत असायचा माझा," आई म्हणाली.

थोरलीने ती ओळ पुन्हा वाचली. एकोणतीस वर्षं, सतरा वह्या आणि त्यात आपली दोन ओळींत बोळवण, असं तिच्या मनात आलं. तरी तिने वही परत दिली नाही. उशाशी ठेवून घेतली.

आठवड्याने ती घरी आली. औषधं उतरत्या क्रमाने, गोळ्या कायमच्या, साधं जेवण पोट निवेपर्यंत. सकाळी चहाच्या टेबलावर आईने नवीन वही उघडली. पुठ्ठा यावेळी निळा होता.

"किती वेळा?"

"पाच."

"रक्त?"

"थोडं."

"कळ? झोप?"

थोरली एकेक उत्तर सावकाश देत होती. घाई कशाला करायची? आईने निळी वही मिटली, टोपण पेनावर बसवलं आणि चहा ओतायला घेतला. हिरवी वही टेबलाच्या कडेला तशीच पडलेली होती.

"माझं विचारलं नाहीस," धाकटी म्हणाली.

"तुला काय झालंय?" आई म्हणाली. "तू धडधाकट आहेस."

धाकटीने कप खाली ठेवला. थोरलीने तिच्याकडे पाहिलं. तो चेहरा तिला ओळखीचा होता, आरशात पाहिलेला. हे वाक्य दुसऱ्या कुणाला पडलेलं ऐकायला किती गोड लागेल, असं तिला वर्षानुवर्षं वाटत आलं होतं. गोड लागलंही, अर्धा घोट. धाकटी उठून अंघोळीला गेली.

दहा मिनिटांनी थोरलीला उठावं लागलं. तिने न्हाणीघराच्या दाराला हात लावला आणि टकटक केली. एक, दोन, तीन.

आत पाणी वाहत राहिलं. मग बंद झालं. दार उघडलं तेव्हा धाकटी टॉवेल धरून उभी होती, केसभर फेस, एक डोळा साबणाने मिटलेला, पायाखाली थंडगार फरशी. ती कुडकुडत होती.

"इतकी वर्षं तू अशी यायचीस बाहेर?"

"हो."

"एकदाही बोलली नाहीस."

"बोलले होते एकदा," थोरली म्हणाली. "तुम्ही हसलात."

धाकटीने फेसाने भरलेला डोळा पुसला.

"जा आधी," ती म्हणाली. "मी थांबते."

थोरली आत गेली. तिने दाराला कडी लावली, आणि बाहेर धाकटीच्या केसांतून फरशीवर टपटपणारं पाणी तिला ऐकू येत राहिलं.